मोटारीच्या ब्रेकांतील हवा

मोटार विकत घेतांना घरांतील मंडळी तिचा रंग पाहतात, बैठकीचा मऊपणा पाहतात, एका लिटर पेट्रोलांत ती किती किलोमीटर जाते याची कसून चौकशी करतात. ब्रेकच्या पेडलापलीकडे काय आहे, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. पाय दाबला कीं गाडी थांबते, एवढ्यावर सर्वांचें समाधान होतें, आणि बहुधा तें सार्थही ठरतें. परंतु हें समाधान ज्या वस्तूवर अवलंबून आहे, ती वस्तु म्हणजे अर्धा ते एक लिटर पातळ द्रव असून, गाडी जागच्या जागीं उभी असली तरीही तो हळूहळू बिघडत असतो, ही गोष्ट सुशिक्षित कुटुंबांतूनही फार थोड्यांना ठाऊक असते. हा द्रव घरच्या घरीं, एकट्या माणसानें कसा बदलावा आणि तसें करतांना कोठें सावध राहावें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

या द्रवाला गॅरेजांतून व दुकानांतून सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. नांव सोयीचें खरें, पण फसवें. कारण हा द्रव तेल नव्हे. आजच्या बहुतेक गाड्यांत जो वापरतात तो ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून बनविलेला असतो, आणि तो पाण्यांत सहज मिसळतो. नांवाला भुलून एखाद्यानें पातळी कमी दिसतांच त्यांत एंजिनाचें तेल ओतलें, तर ब्रेकांतील रबरी सील फुगून निकामी होतात व मग सगळी यंत्रणाच उलगडावी लागते. ‘रोधद्रव’ असा एखादा शुद्ध शब्द कोणी सुचविला तर तो कोशांत शोभेल, गॅरेजांत चालणार नाहीं; तेव्हां ‘ब्रेक ऑइल’ हेंच नांव ठेवावें आणि तें तेल नाहीं एवढें पक्कें ध्यानांत धरावें, हें बरें.

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब कमी न होतां सर्वत्र सारखा पोंचतो, हा नियम फ्रान्समधील ब्लेझ पास्कल यानें सतराव्या शतकांत मांडला. त्याविषयींचा त्याचा ग्रंथ त्याच्या निधनानंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. मोटारीच्या चाकापर्यंत हा नियम यावयास विसावें शतक उजाडलें. प्रारंभींच्या गाड्यांचे ब्रेक सळया आणि तारा ओढून लागत, आणि चारी चाकांना सारखी ओढ बसेलच याची हमी कोणी देऊं शकत नसे. अमेरिकेंत माल्कम लॉकहीड यानें द्रवाच्या दाबाची योजना केली व १९२१ सालीं ड्यूसेनबर्ग कंपनीच्या ‘मॉडेल ए’ या गाडीच्या चारी चाकांना तसे ब्रेक बसले. फोर्डच्या मोटारींत ते १९३९ च्या मॉडेलांपासून आले.

या योजनेचें सामर्थ्य थोड्या गणितानें कळेल. समजा, चालकानें पायानें वीस किलोचा जोर दिला. पेडल ही एक तरफच आहे. तिनें तो जोर पांचपट, म्हणजे शंभर किलो, केला. मास्टर सिलिंडराचा व्यास दोन सेंटिमीटर धरला तर त्याच्या दट्ट्याचें क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर होतें. अर्थात् द्रवांत दर चौरस सेंटिमीटरला सुमारें बत्तीस किलो दाब निर्माण होतो. तोच दाब चाकाजवळच्या पांच सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर पडला म्हणजे तेथें सहाशेंहून अधिक किलोचा जोर मिळतो. पायाच्या वीस किलोंनीं एवढें काम होतें तें केवळ द्रव दबत नाहीं म्हणून. हवा दबते. साराच घोटाळा येथें आहे.

याचा प्रयोग घरांतील मुलांनाही करून दाखवितां येईल. सुई काढलेल्या पिचकारींत पाणी भरावें, तोंडावर बोट घट्ट दाबावें आणि दांडा रेटून पाहावा. तो हलत नाहीं. मग पाण्याऐवजीं निम्मी हवा घ्यावी. दांडा आंत जातो आणि सोडतांच स्प्रिंगसारखा परत येतो. ब्रेकच्या नळींत हवेचा बुडबुडा शिरला म्हणजे चालकाच्या पायाला हाच अनुभव येतो. पेडल मऊ लागतें, खोल जातें, आणि दोनतीनदां भरभर दाबल्यावर कोठें कामाला येतें. रस्त्यांत मूल आडवें आलें असतां पेडल तीनदां दाबण्यास कोणाला सवड मिळते?

हवा आंत शिरण्याचे मार्ग दोन. एक उघडच आहे: एखादा सांधा गळतो, दुरुस्तीसाठीं नळी सुटी केली जाते, किंवा वरच्या डबींतील पातळी तळाला जाते. दुसरा मार्ग अधिक घातकी, कारण तेथें बाहेरून कांहींच येत नाहीं. बुडबुडा आंतच जन्मतो. ब्रेक ऑइल पाण्याशीं सलगी करणारें आहे. डबीच्या झांकणाच्या सूक्ष्म छिद्रांतून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतून हवेंतील ओलावा तें शोषून घेत असतें, आणि मुंबई, गोवा किंवा कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत तर ओलाव्याला तोटा नाहीं. ‘डॉट ४’ या वर्गाचें ऑइल नवें असतांना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये असा दंडक आहे. त्यांत वजनानें ३.७ टक्के पाणी मुरलें कीं ही मर्यादा १५५ अंशांवर उतरते. ‘डॉट ३’ वर्गासाठीं हेच आंकडे २०५ आणि १४० आहेत. पाहणाऱ्याला यांतलें कांहींही दिसत नाहीं. गांवांतल्या गांवांत गाडी फिरते तोंवर जुनें ऑइलही बिनतक्रार काम करतें.

कसोटी लागते ती घाटांत. पांचगणीहून वाईकडे उतरणाऱ्या पसरणी घाटाचें उदाहरण घ्यावें. गाडींत पांच माणसें, मागें सामान, आणि चालक वरच्या गिअरांत गाडी सोडून सबंध उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरतो आहे. चाकांतील डिस्क तापतात, पॅड तापतात, ती उष्णता कॅलिपरांतील ऑइलापर्यंत जाते. मौज अशी कीं, गाडी चालू असेपर्यंत वारा लागून थोडा थंडावा मिळत असतो. खालीं येऊन मंडळी चहाला थांबतात तेव्हां वारा बंद होतो, आणि डिस्कमधील सांठलेली उष्णता निवांतपणें ऑइलांत उतरते. पाण्याची वाफ होते. दहा मिनिटांनीं गाडी निघते, पहिल्याच वळणावर पाय पेडलावर जातो आणि पेडल थेट तळाला टेकतें. अर्ध्या तासानें सर्व थंड झाल्यावर वाफ विरते, ब्रेक पूर्ववत् लागतात, व मेकॅनिकला दोष सांपडत नाहीं. ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत तो उतरावा, ही जुन्या चालकांची रीत येथें निम्मा धोका टाळते. उरलेला निम्मा ताज्या ऑइलानें टळतो. म्हणूनच पुष्कळ कारखानदार तें दर दोन वर्षांनीं बदलण्यास सांगतात, गाडी थोडी चालली असो वा फार.

जुनें ऑइल काढून नवें भरणें आणि त्याबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर घालविणें, याला कारागीर ‘ब्रेकची हवा काढणें’ म्हणतात. प्रत्येक चाकाच्या ब्रेकवर याच कामासाठीं एक लहानसें पोकळ निपल असतें. रूढ पद्धत दोघांची. एक जण गाडींत बसून पेडल मारतो. दुसरा चाकापाशीं पाना लावून बसतो. ‘मार, मार, आतां धर!’ अशी खालून आरोळी येते. पेडल धरलें असतां निपल सैल करावयाचें, ऑइल सुटलें कीं आवळावयाचें, आणि मग वरच्यानें पाय उचलावयाचा. घरगुती प्रयोगांत हा वरचा माणूस म्हणजे बहुधा गृहिणी किंवा कॉलेजांत जाणारी मुलगी असते. तिला ‘धर’ आणि ‘सोड’ यांपैकीं एक हांक नीट ऐकूं येत नाहीं, निपल उघडें असतांनाच पाय उचलला जातो, आणि जेवढी हवा बाहेर गेली तेवढीच पुन्हा आंत ओढली जाते. मग दोष कोणाचा यावर चर्चा होते. जुन्या गाडींत आणखी एक अडचण आहे. रोजच्या वापरांत पेडल कधींच तळापर्यंत जात नाहीं. त्यामुळें मास्टर सिलिंडराचा आंतला टोकाकडचा भाग गंज व गाळ धरून बसलेला असतो. हवा काढतांना पेडल तळापर्यंत मारलें कीं रबरी सील त्या खरबरीत भागावरून घासतात आणि फाटूं शकतात. ब्रेक सुधारण्यास बसावें आणि बिघडवून उठावें, असा हा प्रकार.

दाबाचा ब्लीडर या दोन्ही अडचणी टाळतो. नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं; परंतु बागेंत औषध फवारण्याचा हातपंपाचा डबा ज्यानें पाहिला असेल, त्याला हें साधन डोळ्यांपुढें आणणें कठीण नाहीं. दीडदोन लिटरांची एक टाकी, तिच्यावर हातपंप, दाब दाखविणारें घड्याळ, आणि टाकीच्या तळापासून निघालेली एक नळी. नळीच्या टोकाला ब्रेक ऑइलच्या डबीवर बसणारें झांकण. टाकींत नवें ऑइल भरून पंप मारला कीं तें दाबाखालीं डबींत उतरूं लागतें. चाकाचें निपल सैल केलें म्हणजे जुनें तेथून बाहेर पडतें. दाब सतत आंतून बाहेर असल्यामुळें उघड्या निपलांतून हवा आंत शिरण्याचा संभव उरत नाहीं, आणि पेडलाला कोणी हातही लावीत नाहीं. ‘ईझीब्लीड’ नांवाच्या एका ब्रिटिश साधनांत तर पंपही नसतो. सुट्या चाकांतील हवा थोडी कमी करून तिचाच दाब घेतात. उलट बाजूनें, म्हणजे निपलाकडून ऑइल शोषून घेणारे पंपही मिळतात. परंतु त्यांत निपलाच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाऊन नळींत बुडबुडे दिसतच राहतात, व काम संपलें कीं नाहीं हें कळत नाहीं. घरासाठीं दाबाचेंच साधन श्रेयस्कर. बागेच्या जुन्या फवाऱ्यावर मात्र हा प्रयोग कोणी करूं नये. त्याचें रबर ब्रेक ऑइलला टिकेलच असें नाहीं, आणि त्यांत औषधाचे अंश उरलेले असतात.

गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चाक काढावें लागलें तर जॅकवर विसंबूं नये. खालीं भक्कम घोडी द्यावी. दिवस कोरडा निवडावा. ऑइलची बाटली सीलबंदच असावी; मागल्या वर्षींची अर्धी उरलेली बाटली कितीही स्वच्छ दिसली तरी तिनें ओलावा प्यालेला असतो. वर्ग कोणता घालावयाचा तें डबीच्या झांकणावर छापलेलें असतें. ‘डॉट ५’ आणि ‘डॉट ५.१’ हीं नांवें सारखीं वाटलीं तरी पदार्थ निराळे आहेत. पहिला सिलिकोनचा असून तो नेहमींच्या ऑइलांत मिसळावयाचा नसतो. ऑइलचा एक थेंब जरी रंगावर पडला तरी रंग उचकटतो. म्हणून बॉनेटच्या कडेला जुना टॉवेल आणि जवळ पाण्याची बादली असावी. सांडलें तर पुसत बसूं नये, ताबडतोब पाणी ओतावें.

प्रथम पिचकारीनें डबींतील काळपट ऑइल उपसून काढावें व नवें भरावें. ब्लीडरचें झांकण बसवावें, परंतु त्याच्या टाकींत अजून कांहीं ओतूं नये. नुसती हवा दहा पौंडांपर्यंत भरून घड्याळाचा कांटा पांच मिनिटें पाहावा. कांटा उतरला तर झांकण नीट बसलेलें नाहीं. ही कोरडी परीक्षा पुष्कळजण कंटाळ्यानें टाळतात, आणि मग एंजिनावर व रंगावर ऑइलची पिचकारी उडते. युरोपीय गाड्यांच्या डबीचें झांकण बहुधा आट्यांचें असतें, तें सहज जमतें. पाव वळशांत अडकणाऱ्या झांकणाच्या गाड्यांना योग्य तें झांकण मिळेपर्यंत थांबावें. साखळ्या आणि आंकडे लावून कसेंबसें आवळलेलें सार्वत्रिक झांकण म्हणजे उसन्या माणसानें दिलेला जामीन आहे.

कांटा स्थिर राहिला तर दाब सोडून टाकींत लिटरभर ऑइल ओतावें आणि दहा ते पंधरा पौंड दाब करावा. टायरमध्यें तीस पौंडांच्या आसपास हवा असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा दाब किती सौम्य आहे तें कळेल. वीसच्या वर केव्हांही जाऊं नये. डबी प्लास्टिकची असते.

कोणत्या चाकापासून आरंभ करावा? सामान्य नियम असा कीं, मास्टर सिलिंडरापासून जें सर्वांत दूर तें आधीं. अमेरिकन पुस्तकांत त्यामुळें मागील उजवें चाक आधीं सांगितलेलें असतें, आणि येथील कित्येक हौशी मंडळी तेंच पाठ करतात. परंतु त्या देशांत चालक डावीकडे बसतो. हिंदुस्थानांतील गाड्यांत तो उजवीकडे बसतो, मास्टर सिलिंडरही त्याच्याच पुढ्यांत असतो; तेव्हां येथें दूरचें चाक मागील डावें ठरतें. मग मागील उजवें, पुढील डावें, आणि शेवटीं पुढील उजवें. कांहीं गाड्यांत नळ्यांची मांडणी तिरपी असल्यानें कारखानदार वेगळा क्रम देतो. गाडीच्या पुस्तकांत तो असेल तर तोच प्रमाण मानावा.

निपलावरची रबरी टोपी काढून माती झाडावी. आधीं रिंग पाना चढवावा, मग पारदर्शक नळी बसवून तिचें दुसरें टोक बाटलींत सोडावें. निपल पाव ते अर्धा वळसा सैल केलें कीं उकळलेल्या चहाच्या रंगाचें ऑइल वाहूं लागतें. तें फिकट आणि बुडबुड्यांशिवाय येऊं लागलें म्हणजे निपल आवळावें. साधारण पाव लिटर पुरतें. आवळतांना मर्दुमकी नको, निपल पोकळ असल्यामुळें मोडतें. गंजानें न हलणाऱ्या निपलाशीं झटापट करूं नये. गंज सोडविणारें तेल लावून रात्रभर ठेवावें, आणि तरीही न हललें तर कारागिराकडे जावें. प्रत्येक चाकानंतर टाकींतील पातळी पाहणें अगत्याचें आहे. टाकी रिकामी झाली तर तेंच साधन दाबाखालीं हवा आंत ढकलूं लागतें. काम संपल्यावर आधीं टाकीचा दाब सोडावा, मगच डबीवरचें झांकण काढावें, आणि डबी वरच्या रेषेच्या पुढें भरली असेल तर जास्तीचें उपसून टाकावें.

चारी नळ्यांतून स्वच्छ ऑइल आलें, कोठें बुडबुडा नाहीं, कोठें गळती नाहीं. साहजिकच काम फत्ते झालें असें वाटतें. पण एवढ्यावरून ब्रेक निर्दोष ठरत नाहीत. वर केलेल्या गणितांत पायाच्या जोरानें आलेला दाब बत्तीस किलो होता, म्हणजे सुमारें साडेचारशें पौंड. ब्लीडरनें दिलेला दाब पंधरा पौंड. जो सांधा पंधरा पौंडांना कोरडा राहतो तो तीसपट दाबाखालीं कोरडा राहीलच याचा काय पुरावा? किंचित् सैल राहिलेलें निपल, चिरलेली रबरी नळी, झिजलेलें सील यांची परीक्षा या साधनानें होतच नाहीं. म्हणून एंजिन बंद ठेवून पेडल कठीण लागेपर्यंत दाबावें, नंतर तें पूर्ण जोरानें मिनिटभर धरावें. तें तसूभरही खालीं सरकतां कामा नये. धरलेलें असतांनाच एंजिन सुरू केलें तर पेडल थोडें खालीं जाऊन थांबेल. तो दोष नव्हे, निर्वात बूस्टरचें काम आहे. हळूहळू सरकतच राहिलें, तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडराचे सील गेले आहेत, आणि अशी गाडी रस्त्यावर आणूं नये. पेडल धरलेलें असतां चारी निपलें बॅटरीच्या उजेडांत पाहिलीं पाहिजेत, आणि येथें मात्र दुसरें माणूस हवेंच. ज्या गृहिणीला या साधनानें तासभराच्या आरोळ्यांतून सोडविलें, तिला या दोन मिनिटांसाठीं आदरानें पाचारण करावें. तिचें ‘पेडल सरकतें आहे’ हें एक वाक्य घड्याळाच्या कांट्यापेक्षां अधिक मोलाचें आहे.

एबीएसच्या गाडींत डबी कधींही रिकामी होऊं दिली नाहीं, तर नुसतें ऑइल बदलणें बहुधा या रीतीनें होतें. परंतु एबीएसच्या पेटींत हवा शिरली असेल तर तिच्या झडपा संगणकानें उघडाव्या लागतात. कांहीं हायब्रिड व विजेवरच्या गाड्यांचे ब्रेक तर विजेच्या पंपानें चालतात. तेथें गाडीच्या पुस्तकांत परवानगी नसेल तर घरीं पाना लावूंच नये. पॅड झिजलेले असले तर नवें ऑइल त्यांना नवें करीत नाहीं, हेंही सांगितलेलें बरें.

काढलेलें ऑइल विषारी असतें. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलींत तें क्षणभरही ठेवूं नये, गटारांतही ओतूं नये. नांव लिहिलेल्या डब्यांत बंद करून जेथें एंजिनाचें जुनें तेल गोळा करतात अशा गॅरेजांत द्यावें व तें वेगळें ठेवण्यास सांगावें. ब्लीडरच्या टाकींत उरलेलें नवें ऑइलही पुढच्या खेपेसाठीं जपूं नये; पंपाच्या हवेनें त्याला ओलावा दिलेलाच असतो.

गाडी प्रथम आवारांतच पायीं चालण्याच्या वेगानें न्यावी आणि तीनचार वेळां थांबवून पाहावी. दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्रत्येक निपलाला कोरडा पांढरा कागद टेकवावा, डबींतील पातळी आदल्या दिवशींच्या खुणेशीं ताडून पाहावी, आणि मग रबरी टोप्या परत बसवाव्यात. कागदावर ओल उमटली, तर त्या दिवशीं कचेरीला बसनें जावें.